दसऱ्याची चढण

मी लेख लिहायला बसलो आहे हे अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं. मराठी घरात बोलायला शिकलो, आणि वाचायला शिकलो ते मामाच्या पोस्टकार्डांवरून, कारण ती आईला मोठ्याने वाचून दाखवावी लागत. अजूनही मराठी पुस्तकातलं लांब वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतो आणि परत मागे जातो. आमच्याकडे माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लेख कसा लिहितात हे विचारायचं तरी कुणाला? चुका होतील, हिंदी शब्द घुसतील, ते सांभाळून घ्यावं. आणि एवढं करून विषय काय, तर एक जुनी सायकल. त्याबद्दलही माफी असावी.

पण सोयाबीन कापणीला आलं की मला गप्प बसवत नाही. देवासच्या बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना शेतं पिवळी पडलेली असतात. थ्रेशरची धूळ उन्हात तरंगते, नाकात शिरते, शर्टाच्या कॉलरवर बसते. सकाळी हवेत पहिला गारवा असतो, असा की अंगावर काही घ्यावं की नाही हे ठरत नाही. टेकडीवर देवीला जाणारी माणसं अंधार सरायच्या आत अनवाणी निघतात आणि त्यांचे पाय आमच्या कॉलनीच्या रस्त्यावरून सळसळत जातात. मी ओट्यावर बसून सायकलची चेन रॉकेलात बुडवतो. रॉकेलचा तो वास आला की मी देवासात राहत नाही, धारला जातो.

धारला मी एकच वर्ष होतो, कॉलेजचं पहिलं. देवासच्या यादीत नाव लागलं नाही, धारला लागलं. तिथे मावशी होती. काका पीथमपूरच्या कारखान्यात होते, पहाटे बसने जात आणि दिवेलागणीला येत. मावशीच्या घरापासून जरा पुढे, तलावाच्या काठी, दोन भाड्याच्या खोल्यांत आबासाहेब राहत. त्यांचे वडील संस्थानच्या खजिन्यात कामाला होते, ते स्वतः जमिनीच्या मोजणीच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. बायको गेलेली. आता मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता, दिवाळीनंतर कायमचं.

भाद्रपदात मावशी म्हणाली, "जा रे, त्यांना माळ्यावरचं सामान काढून दे. म्हातारा माणूस स्टुलावर चढायला लागला तर काय करायचं?"

माळ्यावर कागदांचे गठ्ठे होते, तांब्याचा बंब होता, आणि त्यांच्या मागे भिंतीला दोन खुंट्यांवर काहीतरी लांबट लटकलेलं होतं, धुळीने राखाडी झालेलं.

"ही सायकल आहे का?" मी वरून विचारलं.

"नाही, हत्ती आहे," खालून आबासाहेब म्हणाले. "उतरव हळू."

तशी सायकल मी पाहिलेली नव्हती. आमच्याकडे सायकल म्हणजे बाबांची, काळी, जड, मागे कॅरियर आणि हँडलला डबा. ही बारीक होती. हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटीसुद्धा नाही. टायर वाळून त्यांचे तुकडे पडत होते. आबासाहेबांनी जवळ येऊन फ्रेमच्या नळीवर नखाने टिचकी मारली. नळी वाजली. एखादं रिकामं भांडं पडल्यावर जसं नुसतंच घुमत राहतं, तशी.

"विलायती पोलाद," ते म्हणाले. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, मोतीबिंदू होता, म्हणून ते कान तिरका करून ऐकत होते. "एक इंजिनियर साहेब परत चालले होते, त्यांच्याकडून घेतली. तेव्हा मी तुझ्याएवढा होतो."

मी म्हणालो, "याला रंग मारून टाकू. एकदम नई दिसेल."

"खबरदार. रंग मारलास तर तुला तिच्यासकट भंगारात देईन. आणि नई नाही, नवी. देवासला मराठी शाळा नाहीत का रे?"

मी फडक्याने हँडलची धूळ पुसायला लागलो. मग त्यांनीच आवाज उतरवून सांगितलं. दिवाळीआधी भंगारवाला येणार होता. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. कुणाच्या तरी घरात ती पुन्हा खुंटीला टांगली जाणार असेल, तर आत्ताच वितळली तर बरं, असं त्यांचं मत होतं.

"चालती कर. दसऱ्याला मांडूला जा. तोच दिवस, आपलं सीमोल्लंघन. नालछा सोडल्यावर रस्ता दरीत उतरतो आणि किल्ल्याच्या दरवाज्यांतून वर चढतो, ती चढण न उतरता चढलास तर सायकल तुझी. उतरलास तर भंगारवाल्याची."

"उतरलो तर काय होतं?" मी विचारलं.

"ढकलत न्यायला सायकल कशाला लागते? मी त्या चढणीवर कधी उतरलो नाही."

त्यानंतरचे ते आठवडे मला एकापाठोपाठ एक असे आठवत नाहीत. एकाच मोठ्या दुपारसारखे आठवतात. मावशीच्या मागच्या अंगणात परातीत रॉकेल, त्यात बेअरिंगचे छर्रे, चेन, कोन, नट. नारळाच्या काथ्याने आणि चिंचेने घासून घासून गंजाखालून हळूहळू वर येणारी निकेलची चमक. फ्रेमच्या सांध्यांवर कुणीतरी ब्रशने ओढलेली सोनेरी रेघ निघाली, केसाएवढी. ती कुणी ओढली असेल, कुठल्या गावात, त्या दिवशी तिथे पाऊस असेल का, असल्या गोष्टींचा विचार करत मी बसून राहायचो आणि फिजिक्सचं पुस्तक मांडीवर उघडं राहायचं.

बसस्टँडजवळ लिंबाखाली कैलास उस्तादांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप आणि पाण्याचा टब. त्यांनी सायकल बघितली आणि हातातला चहा खाली ठेवला.

"भिया, ये कहाँ से उठा लाए? इसमें तो जान है अभी।"

"खर्च ज्यादा तो नहीं होगा?"

"खर्चा काहे का? तुम हाथ काले करो, मैं मुँह चलाऊँगा।"

आणि खरंच तसंच झालं. त्यांनी मला चाकाचा आऊट काढायला शिकवलं. चाक फिरवायचं, खडू जवळ धरायचा, जिथे लागेल तिथली तार थोडी ढिली करायची, समोरची थोडी आवळायची. थोडी म्हणजे किती? "उतनी, जितना दाल में नमक," ते म्हणायचे. तारा मेलेल्या तीन चाकांतून निवडल्या. ब्रेकचे रबर ट्रकच्या टायरमधून कापले. चाकाच्या मापाचे टायर धारला नव्हतेच, ते इंदूरला एका दुकानाच्या पोटमाळ्यावर मिळाले, तिसऱ्या रविवारी. हँडलला गुंडाळायला पट्टी नव्हती, तर मावशीने परकराची सुती नाडी हळदीच्या पाण्यात बुडवून दिली. पिवळी शिंगं घेऊन सायकल उभी राहिली तेव्हा मावशी म्हणाली, "बैलपोळ्याला न्यायची राहिली बघ."

मधल्या एका सुट्टीत मी देवासला आलो होतो. बाबांना सांगितलं. ते दुसऱ्या पाळीवरून आले होते, पँटच्या पायाला अजून क्लिप होती. खानदेशातून ते इथे कारखान्यात आले तेव्हापासून त्यांची सायकल कधी सुटली नाही, पावसात नाही, तापात नाही.

"आम्ही सायकलवरून उतरावं म्हणून तुला कॉलेजात घातलं," ते म्हणाले, "आणि तू तिथे सायकल शिकतोयस होय?"

ते हसून म्हणाले होते. पण मी परत जाताना बसच्या खिडकीशी ते वाक्य बराच वेळ धरून बसलो. त्यांना कसं सांगणार की ती त्यांच्या सायकलीसारखी नाही? ती कुठे पोचायला नाही. मी पहिल्यांदा तलावाकाठी तिच्यावर बसलो तेव्हा खडे लागले तरी ते हातापर्यंत आलेच नाहीत, पुढच्या चिमट्याने वाटेतच गिळले. पेडल दाबलं की नळ्या जराशा वाकल्यासारख्या वाटत आणि मग मला पुढे सोडून देत. पाण्यावर धुकं होतं, बगळे होते, चेनचा आवाज जवळजवळ नव्हताच. एक फेरी झाली की दुसरी. मला वाटलं मी कुणाचाच मुलगा नाही, कुठल्याच वर्गात नाही, नुसता चाललो आहे. असं वाटण्यात काही वाईट आहे का, ते मला अजून कळलेलं नाही.

आता कॉटरचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथे अडकलं. जुन्या सायकलीत पेडलचा दांडा आणि मधला एक्सल यांना एक लोखंडी खुंटी धरून ठेवते. तिला कॉटर म्हणतात. एका बाजूने ठोकायची, दुसऱ्या बाजूने नट आवळायचा. माझ्या दोन्ही खुंट्या झिजलेल्या होत्या, उस्तादांनी नव्या घातल्या, अष्टमीच्या दिवशी.

"नई काटर बैठने में टैम लेती है," ते म्हणाले. "बीस किलोमीटर पे उतरना, हथौड़ी से एक ठोक देना, नट कसना। फिर बरसों का आराम। हथौड़ी-पाना है ना?"

होते. हातोडी काकांची होती आणि पाना बाबांनी दिलेला. मी ते दोन्ही पिशवीत घालून दाराशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी कॉलेजातून आलो तर पिशवी रिकामी. देवघरासमोर पाटावर सगळं मांडलेलं होतं. काकांची हातोडी, बाबांचा पाना, मावशीची शिवणाची कात्री, विळी, आणि माझं फिजिक्सचं पुस्तक. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडूचं फूल. मावशीच्या घरची रीत मला ठाऊक होती. नवमीला मांडलेली हत्यारं दसऱ्याच्या संध्याकाळी, सोनं वाटून आल्यावरच उचलायची. तोवर त्यांना विश्रांती.

दसऱ्याला उजाडताना मी निघालो. मावशीने दाराशी येऊन हातावर दही घातलं, सायकलला कुंकू लावलं, पिवळ्या हँडलला झेंडूची माळ बांधली.

"मावशी," मी म्हणालो, "ती हातोडी..."

"काय रे?"

"काही नाही."

एवढंच. मी तिच्या घरात राहत होतो, तिच्या हातचं जेवत होतो. काकांच्या अंथरुणाशेजारी माझं अंथरूण होतं. देवासमोरची वस्तू उचलू का, असं विचारायला माझी जीभच वळली नाही. मनात म्हटलं, एक दिवस धरेल.

वाटेतल्या लुनेऱ्यापर्यंत ती इतकी छान चालली की मी कॉटर विसरलो. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना कापलेल्या सोयाबीनच्या गंज्या, ट्रॅक्टरना माळा, बैलांच्या शिंगांना रंग. ऊन डावीकडून येत होतं आणि माझी सावली लांब होऊन शेतात शिरली होती, तिचे पाय गोल गोल फिरत होते. मग उजव्या पायाखाली कुठेतरी बारीक टक् झालं. पुढच्या फेरीला पुन्हा टक्. मी उतरलो. रस्त्याकडेचा दगड घेऊन ठोकलं, तर दगडाचाच चुरा झाला. नट बोटांनी आवळला. बोटांनी किती आवळणार? नालछ्यात दुकानं सगळी बंद, आणि जिथे एक पेटी दिसली तिथेही पाट मांडलेला, त्यावर फुलं.

दरीत उतरताना वारा कानात भरला. खाली झाडी ओली होती, वर दरवाजाची काळी कमान दिसत होती. चढण सुरू झाली. मी उभा राहून पेडलवर भार टाकला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पाय पोकळीत गेल्यासारखा खाली गेला. खुंटी सैल होऊन बाहेर सरकली होती. दांडा एक्सलवर लुळा झाला, झोपलेल्या माणसाच्या हातासारखा.

मी उतरलो.

मोटरसायकलवर एक पूर्ण कुटुंब चाललं होतं. पुढे बसलेला माणूस ओरडला, "क्या भिया, साइकिल को घुमाने लाए हो?" मागची बाई पदराआड हसली. मी पण हसलो. काय करणार? ढकलत ढकलत मी सगळी चढण चढलो, एकेका दरवाज्यातून. वर एक बाई खुरासानी चिंचेची, म्हणजे आपल्या गोरखचिंचेची, फळं फोडून विकत होती. तिने पाणी दिलं. मी कठड्यावर बसलो. समोर दरीत धुकं इतकं सावकाश हलत होतं की ते हलतंय हे दुसरीकडे बघून परत बघितल्यावरच कळायचं. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर फार सुंदर वाटत होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

बसच्या टपावर सायकल टाकून परत आलो, गावाबाहेर उतरलो आणि चालत आलो. आबासाहेब दारात उभे होते, धुतलेल्या धोतरात, हातात आपट्याची पानं.

"चढली?"

मी म्हणालो, "हो."

"उतरला नाहीस?"

"नाही."

त्यांनी फ्रेमच्या वरच्या नळीवर हात फिरवला, पुढून मागे, एकदाच. पेडलला हात लावला असता तर ते लटकलं असतं. त्यांनी लावला नाही. "मग तुझी," ते म्हणाले आणि माझ्या हातात सोनं ठेवलं. मी वाकून नमस्कार केला. वाकल्यावर मला त्यांची पावलं दिसली आणि वाटलं की आत्ता सांगावं. वर येईपर्यंत ते वाटणं गेलं होतं. संध्याकाळी पाटावरची हातोडी मिळाली. दोन ठोक आणि नटाचे दोन फेरे. अर्धं मिनिट लागलं.

दिवाळीनंतर ते पुण्याला गेले. पुढच्या वर्षी मला देवासला प्रवेश मिळाला. सायकल माझ्याबरोबर आली. तिने मला बागलीपर्यंत नेलं, मांडूहून मोठे चढ ती न कुरकुरता चढली. बाबा एकदा तिच्यावर बसले, कॉलनीत एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "हलकी आहे." इतकंच म्हणाले, पण दुसऱ्या रविवारी त्यांनीच तिला तेल दिलेलं होतं. मांडूच्या रस्त्याला मात्र मी पुन्हा गेलो नाही. आता चढलो तरी ते तेव्हाचं चढणं होणार नाही, आणि नाही चढलो तर मग काय उरतं? मित्र सायकलचं कौतुक करतात तेव्हा मी दुसरीकडे बघतो. जी वस्तू खोटं बोलून मिळाली, ती आपली असते का? मी तर तिचा एक एक छर्रा धुतला आहे.

या श्रावणात मी त्यांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, हातोडीचंही. सायकल त्यांची आहे, ते म्हणतील त्याला देईन, असंही. धारच्या जुन्या सवयीने पाकिटाच्या मागे पत्ता मावशीचा टाकला गेला, हे पत्र पेटीत पडल्यावर लक्षात आलं. उत्तर आलं नाही. गणपती गेले, पितृपक्ष गेला. मग मी हा लेख लिहायला घेतला. निदान कुणाला तरी कळावं.

इथपर्यंत लिहून वही बंद केली होती. काल अष्टमी, मावशी टेकडीच्या दर्शनाला आली. पिशवीतून नारळ काढला, प्रसाद काढला आणि खालून एक पाकीट काढलं. "हे घे, पुण्याहून आलंय. महिना झाला, विसरलेच होते मी. कुणाचं रे?"

मला तिला सांगावंच लागलं. पाट, पाना, हातोडी, सगळं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे वेड्या, फूल बाजूला ठेवून उचलायची होतीस! देवी काय हातोडी घेऊन बसणार होती? तोंड नव्हतं का तुला?"

आई हसायला लागली. बाबा वर्तमानपत्रामागे होते, पण पान उलटत नव्हते. मी पाकीट घेऊन ओट्यावर आलो.

पत्र आबासाहेबांच्या सूनबाईंच्या हातचं आहे. लिहिलंय की त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता दिसतं, माझं पत्र त्यांनी स्वतः वाचलं. दोन दिवस ते पत्र त्यांच्या खिशातच होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले की अट अजून तशीच उभी आहे, मुदत तेवढी वाढवून दिली. भाऊबीजेनंतरच्या रविवारी ते आणि त्यांचा मुलगा मांडूला येत आहेत. ते वरच्या दरवाज्यापाशी बसतील. मी न उतरता आलो तर सायकल माझी, नाहीतर इंदूरहून रेल्वेने पुण्याला जाईल, तिचं भाडं मी भरायचं.

खाली वेगळ्या शाईत सूनबाईंनी आणखी लिहिलंय. "गेले पंधरा दिवस ते रोज सकाळी आमच्या इमारतीचा जिना चार वेळा चढतात आणि उतरतात. कशासाठी, ते सांगत नाहीत. तुम्हाला एक विचारायला सांगितलं आहे, उलट टपाली कळवावं. सायकलची सीट खाली किती येते? वयाने त्यांची उंची दोन बोटं कमी झाली आहे, असं त्यांचं म्हणणं आहे."